सवलत बंद

दूधवाल्यानं माप पुढं केलं की मी आधी वाकून मापाचा तळ बघतो. आमच्या मंडळी म्हणतात, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा मी खालून त्यांचे पाय बघत होतो, दोन्ही सारखे आहेत का म्हणून. खोटं नाही ते. आमचा धंदाच तसला. मी अण्णाप्पा मगदूम, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पॅटर्न मिस्त्री. फौंड्रीत धातू ओतायच्या आधी वाळूत ज्या लाकडी नमुन्याचा ठसा घेतात, तो नमुना आम्ही कोरतो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडं झाला की पंप गळतो आणि शिव्या मिस्त्रीला बसतात. तेव्हा माणसावर आणि मापावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, हे मी वडलांच्या हातचा मार खाऊन शिकलो.

तरी ऐन मोक्याला माती खाल्लीच. कशी, ते सांगतो.

आठ वर्षांपूर्वी हंबीर चौगले नावाचा गडी एक फुटका होल्ड घेऊन माझ्या वर्कशॉपात आला. होल्ड म्हणजे क्लाइंबिंगच्या भिंतीवर बोल्टनं आवळतात ती पकड. हंबीर सेटर. कुठला होल्ड कुठं, किती तिरका बसवायचा, म्हणजे चढणाऱ्याची नेमकी कुठं तंतरेल, हे ठरवायचं त्याचं काम. बंद पडलेल्या एका टॉकीजमध्ये त्यानं ‘कडा’ नावाची जिम काढली होती. सिनेमाचा पडदा होता तिथं चौदा मीटर उंच भिंत.

“आण्णा, बाहेरनं मागवलेलं चार महिन्यांत फुटतंय. तुम्ही करून द्याल?”

“कशाला लागतंय हे?”

“लटकायला.”

“आणि लटकून काय मिळतंय?”

हंबीर हसला. म्हणाला, या एकदा. मी गेलो आणि तिथंच अडकलो. चढायला नव्हे हो, या वयात कुठं! अडकलो त्या आकारांत. बोटं चौदा मिलिमीटर आत जातात, पण आतले शेवटचे दोन मिलिमीटर उतार दिला की चढणाऱ्याचा अंदाज चुकतो. कडेची गोलाई एवढी हवी की कातडं फाटू नये, पण आरामही मिळू नये. अंगठ्याला एक खळगा द्यायचा, तोही अशा जागी की शोधणाऱ्यालाच सापडावा. मी सागवानात नमुना कोरायचा, त्यावर सिलिकॉनचा साचा ओतायचा, साच्यात रेझिन. माझा ‘कपार’ नावाचा होल्ड पुढं देशभर गेला. सेटर लोक मला बघून हात जोडायचे आणि चढणारे मनातल्या मनात शिव्या घालायचे. दोन्हीचा मला सारखाच आनंद.

माझी मुलगी सन्मती तेव्हा अकरा वर्षांची. माझा डबा घेऊन एकदा ‘कडा’त आली, भिंतीवर चढली, आणि डबा तसाच गार झाला. तेव्हापासून ती भिंतीवरच वाढली म्हणा ना. आता एकोणीस. आमच्या कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतात, तेव्हा तिचं बोलणं ऐकून दचकू नका.

दोन वर्षांपूर्वी बंगळुरूच्या एका कंपनीनं कातडी आणली. आम्ही तिला कातडीच म्हणतो. होल्डवर चिकटवायचा एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. हाताला साधं रबर लागतं, पण त्यावर डोळ्याला दिसणार नाहीत असे बारीक केस असतात, नखाएवढ्या जागेत हजारो. थोडी वीज सोडली की ते केस ताठ उभे राहतात. उभ्या केसांची फक्त टोकं बोटाला लागतात, म्हणून बोट घसरतं. वीज काढली की आडवे पडतात, जास्त अंग लागतं, बोट धरून राहतं. म्हणजे होल्ड तोच, जागा तीच, आणि तो सोपा की अवघड हे वीज ठरवणार.

खालच्या थरात जाळी. प्रत्येक बोटाचा भार किती, घाम किती, आणि मुख्य म्हणजे थरथर किती, ते ती मोजते. माणूस पडायच्या अर्धा सेकंद आधी त्याच्या स्नायूंची थरथर बदलते. त्याला स्वतःला कळायच्या आधी भिंतीला कळतं की हा आता सुटणार. त्या अर्ध्या सेकंदात ‘सोबती’ नावाचा प्रोग्रॅम ठरवतो, धरायचं की सोडायचं. कोण चढतंय ते मनगटपट्ट्यावरून ओळखतो आणि प्रत्येकासाठी होल्डची चिकटण वेगळी ठेवतो.

“हे कशावरनं ठरवतंय रं?” मी हंबीरला विचारलं होतं.

“शिकतंय आण्णा. माणूस परत कधी येतो, ते बघून शिकतंय. लई पडला तर वैतागून सोडून जातो. लई सोपं झालं तर कंटाळतो. मधलं धरून ठेवायचं.”

“म्हणजे माणूस भिंत चढत नाही, भिंत माणसाला चढवते.”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते!”

दिसायचीच. सहा महिन्यांत कोल्हापुरातले सगळे होल्ड कातडीचे झाले. हंबीर शिडी आणि ड्रिल सोडून टॅबलेट घेऊन खुर्चीत बसायला लागला. त्याच्या तळव्यांचे घट्टे गेले. आणि गावातला प्रत्येक गडी अचानक भारी क्लाइंबर झाला. गुळाच्या गाडीवर ज्याला चढता येत नव्हतं तो भिंतीच्या माथ्यावरून फोटो टाकायला लागला.

त्यातच सन्मतीनं एक रूट मारला. रूट म्हणजे भिंतीवरच्या होल्डांची ठरवून दिलेली वाट. आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय निवड चाचणीचा रूट हंबीरनं क्लाइंबिंग महासंघाच्या कागदावरून जसाच्या तसा भिंतीवर बसवला होता. शेवटून दुसरा होल्ड माझाच, ‘कपार’. देशातल्या दोघीच जणी तो पूर्ण करू शकल्या होत्या. आमच्या बाईसाहेबांनी दुसऱ्याच प्रयत्नात केला. सगळी जिम टाळ्या वाजवत होती, हंबीर तिचा फोटो दारावर लावायच्या गोष्टी करत होता, आणि मी कोपऱ्यात उभा राहून विचार करत होतो, हे कसं शक्य आहे?

लाज वाटते सांगायला. बाप असून पहिला विचार हा आला.

मला वाटलं, हंबीरनं अंतरं कमी केलीत. घरची पोर देशात पहिली म्हणून दाखवली की जिमचा उदो उदो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपातून निघताना भिंतीवरचं स्केल उचललं, जिमची शिडी लावली आणि एकेक अंतर मोजलं. कागदावर शंभर सेंटिमीटर, माझ्या स्केलवर अठ्ठ्याण्णव. कागदावर पन्नास, माझ्याकडं एकोणपन्नास. प्रत्येक ठिकाणी कमी! शिडीवरूनच ओरडलो.

“हंबीर! कुंपणच शेत खायला लागलं की रं! माझ्या पोरीला खोटं मोठं करतोस?”

सकाळच्या बॅचची वीस-पंचवीस पोरं होती. सगळी थांबली. हंबीर शांतपणे आला, माझ्या हातातलं स्केल घेतलं, उलटं केलं आणि मागचं मोठ्यानं वाचलं, “स्टील, दोन टक्के.”

मला शिडीवर घाम फुटला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तापलेला धातू गार होताना आकसतो. म्हणून नमुना तेवढा मोठा कोरावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून आमच्याकडं मुद्दाम ताणलेली स्केलं असतात. त्यांच्यावर शंभर लिहिलेलं असतं तिथं खरे एकशे दोन असतात. फौंड्रीच्या कामाला ते बरोबर. भिंतीवरचं अंतर त्यानं मोजलं तर दर शंभराला दोन कमी भरणार, आणि तसंच भरलं होतं. पस्तीस वर्षं हातात वागवलेलं स्केल मी रागाच्या भरात न बघता उचललं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोरं हसली. हंबीर नाही हसला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “सात वर्षं तुमच्या घरी जेवलोय आण्णा. आणि हे?”

तिथं माफी मागायला हवी होती. साधी गोष्ट. पण तोंडघशी पडलेला माणूस सरळ उभा राहत नाही, दुसरं काहीतरी धरायला बघतो. मी म्हणालो, “अंतर बरोबर असेल. कातडीचं काय? कातडी तिला मदत करत नाही कशावरून?”

“करते की! सगळ्यांनाच करते. तुमच्या पोरीला दहातली तीन करते.”

“माझ्या पोरीला नको. मगदूमाच्या पोरीला सवलत नको.”

“नको?” हंबीरनं टॅबलेट माझ्यासमोर आपटल्यासारखा ठेवला. “मग घ्या. हे बटण. ‘सवलत बंद’. तिचं खातं लहानपणापासून तुमच्या नावावर आहे, सही तुमचीच लागते. करा सही, आणि परत माझ्या भिंतीवर संशय घ्यायचा नाही.”

मी सही केली. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं. दुधाच्या मापाचा तळ बघणाऱ्या माणसानं ते वाचलं नाही. सन्मतीला यातलं काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुझ्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून?

आठवड्यानं ती नाचत घरी आली. “पप्पा, माझ्या नावापुढं आता शून्य दाखवतंय! सवलत शून्य! ‘कडा’त एकटीच आहे मी. म्हणजे माझं चढणं एकदम खरं.”

“असंच पाहिजे,” मी म्हणालो आणि ताटातल्या भाकरीकडं बघितलं.

मग ती पडायला लागली. तोच रूट, तोच ‘कपार’. बोटं लागायची, चार सेकंद धरायची, आणि सुटायची. आठवड्यात सहा दिवस सराव, आणि सहाही दिवस पडणं. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, बघा, म्हणजे मदतच होती आधी. आता खरी ताकद दिसतेय, आता वाढेल. पण दोन महिने गेले, चार गेले, आठ गेले. बोटांच्या पेरांना चिकटपट्ट्या, खांद्याला शेक, जेवताना गप्प. पण गंमत अशी की पडली की दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास लवकर जायची. दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असायची.

चाचणीचा फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होता. देशातून चौघी निवडणार, आणि हे तिचं ज्युनिअरचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वयात बसत नव्हती. आठ वर्षांचं सगळं या एका फॉर्मवर आलं होतं. महासंघानं कातडीला बंदी घातल्यामुळं चाचणी साध्या होल्डवर होती. साधा होल्ड मात्र कोल्हापुरात औषधालाही उरला नव्हता.

मंगळवारी तिनं आईला सांगितलं, “मी न्हाई भरणार फॉर्म. शून्यावर मला चार सेकंद धरता येत नाही. तिथं जाऊन हसं कशाला करून घेऊ? फार्मसीला जातो.”

आमच्या मंडळी रात्रभर रडल्या. मी छताकडं बघत पडलो होतो.

बुधवारी दुपारी ती वर्कशॉपात आली, मैत्रिणीशी फोनवर बोलत. कानात यंत्र, फार्मसीच्या प्रवेशाची चौकशी चाललेली. तुळईला ‘कपार’चा माझा मूळ सागवानी नमुना ठोकलेला आहे, लहानपणी ती त्याला लोंबायची. बोलता बोलता तिनं सवयीनं हात वर केले आणि लटकली. लक्षच नव्हतं तिचं. मी रंधा थांबवला. मनात मोजायला लागलो. दहा. वीस. तीस. “व्हय, बारावीचे मार्क लागतात की,” असं म्हणत तिनं एक हात सोडला, केस मागं सारले, परत धरलं. एक्केचाळीसला उतरली, तीही फोन संपला म्हणून.

भिंतीवर ज्या आकाराला ती चार सेकंद धरत नव्हती, त्याच आकाराला एक्केचाळीस. 

तिला काही बोललो नाही. आता घाई करायची नव्हती. तुळईवरचा नमुना उतरवला आणि मोजला. स्केल उचललं, उलटं करून मागचं वाचलं, साधं आहे ना बघितलं, चष्मा पुसला, परत वाचलं. चौदा मिलिमीटर, अगदी बरोबर. मग मला पहिला संशय कुणाचा आला असेल? हंबीरचाच. अपमानाचा सूड. पोरीला पाडून बापाला धडा.

गुरुवारी सकाळी सहालाच ‘कडा’वर धडकलो. बरोबर ताणकाटा, जनावराच्या चामड्याचा तुकडा, आणि घरातून न सांगता उचललेला सन्मतीचा मनगटपट्टा. हंबीर एकटाच गाद्या झाडत होता. मला बघून तोंड कडू केलं.

“आज काय मोजायचंय?”

“तुझा हात लागू द्यायचा नाही. लांब उभा राहा आणि नुसतं बघ.”

खालच्या रांगेतल्या ‘कपार’वर चामडं ठेवलं, त्यावर तीन किलोचं वजन, चामड्याला ताणकाटा लावून ओढायचं. किती किलोला चामडं सरकतं ते वाचायचं. मनगटात काही न घालता ओढलं. दीड किलोला सरकलं. माझा स्वतःचा पट्टा घातला. सव्वादोनला. म्हाताऱ्याला भिंत मदत करत होती. मग माझा काढला आणि सन्मतीचा घातला.

नव्वद ग्रॅम कमी एक किलो.

परत केलं. तेच. हंबीर पुढं आला, माझ्या हातातनं काटा घेतला आणि स्वतः ओढला. तेच.

“हे कसं शक्य आहे?” तो म्हणाला. “शून्य आहे की तिला!”

त्याचा चेहरा बघितला आणि माझा संशय तिथंच मेला. एवढा पांढरा पडलेला माणूस नाटक करत नसतो.

खुर्ची ओढून दोघं टॅबलेटवर बसलो. तासभर खोदल्यावर सापडलं. कातडीची पट्टी शून्य ते दहा नसते, उणे दहा ते अधिक दहा असते. भारी गड्यांना कंटाळा येऊ नये म्हणून ती घसरडीही होऊ शकते. ‘सवलत बंद’ म्हणजे अधिककडं जायचं दार बंद. उणेकडचं दार उघडंच. पडद्यावर दिसतो तो शून्य म्हणजे फक्त मिळालेली सवलत. हिरावून घेतलेलं तिथं दिसतच नाही. त्या बारीक अक्षरांत हे सगळं लिहिलेलं होतं.

“पण उणे कशाला करेल ते?” मी विचारलं.

हंबीरनं सन्मतीच्या नोंदी उघडल्या. एका रकान्यात पडलेल्या वेळा, शेजारी परत कधी आली ते. तो रकान्यावरून बोट खाली नेत गेला. “आण्णा, मी सांगितलं नव्हतं का, माणूस परत कधी येतो ते बघून शिकतंय? बाकीची पडली की चार दिवस येत नाहीत. ही पडली की दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी येते. त्याला कळलं की हिला पाडलं की ही लवकर येते. पहिल्या आठवड्यात उणे एक. महिन्यानं उणे चार. आता उणे सात.”

आठ महिने. माझी पोर साबण लावलेल्या भिंतीवर चढत होती आणि स्वतःला कमजोर समजत होती. तिच्या जिद्दीची शिक्षा तिला मिळत होती. ते दार मी माझ्या सहीनं लावून घेतलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं हसून सोडण्यासारखं हे नव्हतं. मी गादीवर बसलो आणि रडलो. हंबीरनं पाणी दिलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “एक करू. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, एवढंच तिला सांगू. खोटंही नाही ते. सहीचं कशाला काढायचं? आज उद्यात फॉर्म भरला पाहिजे, तुमच्यावर चिडली तर त्यातच बसेल. चाचणी होऊ द्या, मग सांगा.”

“तुझ्यावर येईल ना मग. भिंत तुझी.”

“येऊ द्या. सेटरला शिव्या खायची सवय असते.”

ज्याला मी दोनदा चोर ठरवलं तो माझ्यासाठी अंगावर घ्यायला तयार होता. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. “हंबीर,” मी म्हणालो, “त्या दिवशी शिडीवरून मागायची राहिली ती माफी आज मागतो.”

“राहू द्या हो आता,” तो म्हणाला. पण माझा हात त्यानं घट्ट धरला.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी सन्मतीला वर्कशॉपात बोलावलं. गुरुवारचा उरलेला दिवस आणि शुक्रवारची सकाळ मी शब्द जुळवण्यात घालवली होती. हंबीरचा मार्ग डोक्यात शंभर वेळा फिरून आला. सोपा होता. पोर फॉर्म भरेल, माझ्याकडं आधीसारखं बघेल. तुळईवरचा ‘कपार’ परत जागेवर ठोकला आणि म्हणालो, “लटक.”

“कशाला?”

“लटक तर खरं. मी मोजतो.”

या वेळी लक्ष देऊन लटकली. बावन्न. उतरून हाताकडं बघत राहिली. मग नमुन्याकडं. मग माझ्याकडं. पोरगी माझीच, तिला सांगावं लागलं नाही. “भिंतीत खोट आहे,” ती हळू म्हणाली.

“आहे. उणे सात. आठ महिने.”

मी काटा, चामडं, नोंदी सगळं दाखवलं. ती ऐकत होती. मधेच हसली, मधेच डोळे पुसले. “म्हणजे मी पडतच नव्हतो! मला पाडत होते! पप्पा, मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून... आणि शून्य कुणी केलं पण? मी सांगितलं नव्हतं. हंबीरदादानं?”

हाच तो क्षण. तोंडात ‘कंपनीनं’ हा शब्द आलाही होता.

“मी,” म्हणालो. “तू रूट मारलास त्या दिवशी मला खरं वाटलं नाही. मला वाटलं कुणीतरी तुला खोटं चढवलं. म्हणून सही केली. तुला न विचारता. आणि आठ महिने तू पडताना गप्प बसलो, कारण सांगायची लाज वाटत होती.”

बाहेर कुणाचा तरी लेथ चालला होता. मला वाटलं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं.

“सगळी टाळ्या वाजवत होती,” ती शेवटी म्हणाली. “मी वरनं तुम्हालाच शोधत होतो. तुम्ही कोपऱ्यात होता. मला वाटलं, पप्पा रडालेत, म्हणून मागं उभारलेत.”

मी काटा आणि चामडं उचलून बाकाची कड मोकळी केली.

तिनं फोन काढला आणि माझ्या बाकावर बसून फॉर्म भरला. चार वाजून वीस मिनिटांनी पाठवला. ‘सोबत येणारी व्यक्ती’ या रकान्यात तिनं आईचं नाव घातलेलं मी बघितलं. ते मला दिसावं असाच फोन धरला होता तिनं.

“तुम्ही यायचं न्हाई.”

“बरं.”

“चाचणीला नऊ दिवस आहेत. कातडीच्या भिंतीवर मी परत हात लावणार नाही. मला लाकडाचे वीस होल्ड पाहिजेत. उतार, गोलाई, सगळं चाचणीच्या मापाचं. या मागच्या भिंतीवर बसवायचे. हंबीरदादा रूट लावेल.”

“दोन दिवसांत देतो.”

“आणि बसवून झाले की तुम्ही बाहेर. मी चढताना बघायचं न्हाई. कोण काय मोजतंय हे मला नको आता.”

मी दोन दिवस झोपलो नाही. सागवान कमी पडलं तर वडलांच्या वेळचं एक कपाट फोडलं. हंबीरनं कित्येक दिवसांनी हातात ड्रिल घेतलं, तळव्याला फोड आले म्हणून शिव्या घालत होता आणि खुशीत होता. सोमवारी सकाळी भिंत तयार झाली. हंबीरनं खाली जुन्या गाद्या टाकल्या आणि जिमला गेला. सन्मतीनं हाताला चॉकची पूड लावली आणि माझ्याकडं बघितलं. मी बाहेर गेलो. तिनं आतून दार लोटलं.

उद्यमनगरात सकाळची गडबड चालू होती. मी पायरीवर स्टूल टाकून बसलो. आतून चॉकची टाळी ऐकू आली, मग बूट लाकडावर घासल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग गादीवर धप्प. मी उठलो आणि परत बसलो. परत चढली. या वेळी बराच वेळ पडल्याचा आवाज नाही. कितवा होल्ड असेल? मोजायला लागलो होतो, थांबलो. दाराला एक फट आहे, बरोबर डोळ्याच्या उंचीवर. मीच कधी केली नाही ती बंद. तोंड रस्त्याकडं केलं आणि शेजारचा गडी ट्रकमधून कास्टिंग उतरवत होता ते बघत राहिलो.

“पप्पा!” आतून आवाज आला, धापा टाकत.

“काय गं?”

“बाहेरच आहात न्हवं?”

“बाहेरच आहे.”

“फटीतनं बघालाय?”

“न्हाई बाळा. तोंड रस्त्याकडं आहे.”

मग पावलं दारापर्यंत आली, आणि माझ्या पोरीनं दार उघडून खात्री करून घेतली.